काळ्या मातीच्या अस्तरात पऱ्हाटीचा कोळसा किंवा तुसाची राख मिसळल्यास जड धातू खरोखर अडतात का?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य असून माझी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका झालेली आहे. आमच्या शिवाराला लागून असलेल्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीतील साधारण एक एकर जागा तालुक्याच्या नगरपंचायतीचा कचरा पुरण्यासाठी सुचवण्यात आली आहे. ग्रामसभेपुढे जो प्राथमिक आराखडा आला, त्यात खड्ड्याच्या तळाशी स्थानिक काळी माती दाबून अस्तर करावे असे म्हटले आहे, आणि त्याच परिच्छेदात "जड धातू अडवण्यासाठी मातीत स्थानिक नैसर्गिक टाकाऊ पदार्थ मिसळावेत" असे एक वाक्य आहे. कोणता पदार्थ, किती प्रमाणात, कोणत्या थरात आणि कोणत्या चाचणीनंतर, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नाही.

आमच्याकडे असे पदार्थ मुबलक आहेत. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) दर हंगामात बांधावर जाळल्या जातात, सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) असते, काटोल-वरुडकडून संत्र्याच्या साली मिळू शकतात आणि भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून तुसाची राख आणता येते. कचरा मात्र वेगळा केलेला येत नाही. त्यात रंगाचे डबे, ट्यूबलाइट, सेल, गॅरेजमधला तेलकट गाळ आणि अधूनमधून फुटलेल्या बॅटऱ्याही असतात, म्हणून शिसे आणि कॅडमियम यांची चिंता अवास्तव वाटत नाही. उताराच्या बाजूला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे.

माझा प्रश्न असा की, हे मिश्रण शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे आहे की केवळ कागदावर चांगले दिसणारे आहे? ग्रामसभेत विरोधासाठी विरोध करायचा नाही, परंतु नेमके काय मागायचे हे कळले पाहिजे.

निवृत्त_स्थापत्य, यवतमाळ

प्रश्न योग्य वेळी विचारलात. टाकाऊ पदार्थांकडे वळण्यापूर्वी आराखड्यातील पहिलेच वाक्य तपासा, कारण "काळी माती दाबून" एवढ्याने अस्तर होत नाही.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) तळाच्या अस्तराची जी रचना दिली होती, ती दुहेरी होती. खाली ९० सें.मी. जाडीचा चिकणमातीचा किंवा सुधारित मातीचा दाबलेला थर, ज्याची पारगम्यता (पाणी आरपार झिरपण्याचा वेग) सेकंदाला एक कोट्यंश सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे १० च्या उणे ७ व्या घाताएवढ्या सेंटिमीटरपेक्षा, जास्त नसावी, आणि त्यावर दीड मि.मी. जाडीचा एचडीपीई (दाट प्लास्टिकचा) पडदा किंवा त्याच्या तोडीचे अस्तर. शिवाय भूजलाची सर्वोच्च पातळी या मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली असली पाहिजे. सर्वोच्च म्हणजे सप्टेंबरमधील, मे महिन्यातील नव्हे. आराखड्यात विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात मोजली ते अवश्य पाहा. पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून आणि वस्तीपासून २०० मीटर, तलावापासून २०० मीटर आणि नदीपासून १०० मीटर अंतराची अटही त्याच नियमांत होती. तुमच्या आराखड्यात पडद्याचा उल्लेखच नसेल, तर टाकाऊ पदार्थांची चर्चा पुढची आहे.

आता मातीबद्दल. आपल्या भागातील पाझर तलावांच्या बांधांत हार्टिंगसाठी (पाणी अडवणाऱ्या गाभ्यासाठी) हीच काळी माती वापरतात आणि ती पाणी चांगले धरते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु धरणाचे हार्टिंग केसिंगखाली (बाहेरच्या मातीच्या आवरणाखाली) झाकलेले आणि बहुतेक काळ ओलसर असते. कचऱ्याच्या खड्ड्याचे अस्तर जानेवारीत तयार करून निविदेच्या घोळात मेपर्यंत उघडे पडले, तर ४५ अंशांच्या उन्हात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात भेगा वरून मिटलेल्या दिसतात, पण आतली वाट पूर्ववत होत नाही. प्रयोगशाळेतील नमुन्यापेक्षा प्रत्यक्ष जागेवरील पारगम्यता दहापट किंवा त्याहूनही अधिक निघते, ती मुख्यतः अशा भेगांमुळे आणि न फोडलेल्या ढेकळांमुळे.

म्हणून कामाची पद्धत लिहून मागा. ढेकळे फोडलेली माती, इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्या ओलीत माती सर्वाधिक दाबली जाते त्यापेक्षा) दोन ते चार टक्के अधिक ओल, १५ ते २० सें.मी.चे थर, साध्या रोलरऐवजी शीपफूट (खुंट्या असलेला) रोलर, प्रत्येक थराची घनता व ओल यांची नोंद, आणि थर पूर्ण होताच त्यावर पडदा व निचऱ्याचा थर. इष्टतम ओलावा आणि कमाल शुष्क घनता आय.एस. २७२० भाग ७ च्या प्रॉक्टर चाचणीतून आणि पारगम्यता भाग १७ प्रमाणे काढतात. टाकाऊ पदार्थ मिसळणार असाल तर या दोन्ही चाचण्या मिश्रणावर पुन्हा कराव्या लागतील, कारण हलका पदार्थ मिसळताच घनता उतरते आणि लागणारा ओलावा वाढतो.

मृदागंध, अकोला

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी मृदारसायनाच्या बाजूने भर घालतो.

आपली काळी माती धातू पकडण्यात मुळातच दुबळी नाही, आणि ही गोष्ट अशा आराखड्यांत हमखास सुटते. तिच्यातील चिकण कण प्रामुख्याने स्मेक्टाइट (पाण्याने फुगणाऱ्या) गटातील असून तिची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे धनभारित धातू धरून ठेवण्याची ताकद, दर किलोला साधारण ४० ते ६० सेंटिमोल असते. लाल, केओलिनाइटप्रधान (न फुगणाऱ्या चिकण खनिजाच्या) मातीत ती याच्या एका लहान अंशाएवढी असते. शिवाय आपल्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. अशा वातावरणात शिसे, कॅडमियम, जस्त यांचा काही भाग कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड होऊन मातीतच बसतो. टाकाऊ पदार्थ मिसळून धातू अडवण्याचे जे प्रयोग ठळकपणे यशस्वी ठरतात, त्यांत मूळ माती अनेकदा केओलिनाइटची किंवा वाळूमिश्रित असते, आणि तिथे सुधारणेला वावच मोठा असतो. तो टक्केवारीतील फायदा जसाच्या तसा वर्ध्याच्या मातीला लावता येणार नाही.

तरीही उणिवा आहेत. कचरा कुजण्याच्या पहिल्या काळात त्यातून झिरपणारे दूषित पाणी, म्हणजे लिचेट, आम्लधर्मी असते, त्याचा सामू ५-६ पर्यंत उतरतो आणि धातू सर्वाधिक विरघळलेले असतात ते याच काळात. मातीतील चुना हे आम्ल काही काळ सोसतो, पण त्यात तो स्वतः खर्च होतो. दुसरी उणीव अशी की, लिचेटमधील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ धातूला गुंडाळून सोबत नेतात आणि तसा गुंडाळलेला धातू चिकण कणाला सहज चिकटत नाही. तिसरी उणीव क्रोमियमची. षड्‌संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋणभारित असते, आणि चिकण कणही ऋणभारित असल्यामुळे ते मातीतून जवळजवळ न अडखळता पुढे जाते. येथे सेंद्रिय द्रव्य उपयोगी पडते, कारण ते क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपात क्षपण (इलेक्ट्रॉन देऊन रूपांतर) करते आणि ते रूप मातीत बसते.

आता तुमचे पदार्थ. कुटार, लाकडाचा भुसा आणि संत्र्याच्या साली कच्च्या स्वरूपात अस्तरात कदापि घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सालीतील पेक्टिनवर कार्बोक्सिल गट भरपूर असतात आणि शुद्ध पाण्यातील शिसे ती उत्तम पकडते, हे खरे आहे. परंतु फ्लास्कमधील काही तासांचा प्रयोग वेगळा आणि कचऱ्याखाली दाबलेली अनेक दशके वेगळी. साल कुजली की तिच्या जागी पोकळी राहते, कुजताना ती सेंद्रिय आम्ले सोडते आणि पकडलेला धातू मोकळा होतो. आपण जे अडवायला निघालो त्यालाच वाट करून दिल्यासारखे होते.

पऱ्हाटी व तुराट्यांचा बायोचार हा त्या मानाने विचार करण्याजोगा पर्याय आहे. बंदिस्त भट्टीत, हवा तोडून, ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला केलेला कोळसा सहजी कुजत नाही, तो अल्कधर्मी असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर धातू पकडणारे गट टिकून राहतात. बांधावर पेटवलेल्या ढिगाची राख म्हणजे बायोचार नव्हे, हे कंत्राटदाराला लेखी सांगावे लागेल.

एक गोष्ट खास पश्चिम विदर्भासाठी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची चोपण माती प्रयोगशाळेत साध्या पाण्याने तपासली तर अप्रतिम अस्तर ठरते, कारण तिच्यातील सोडियममुळे कण फुगून, विखरून छिद्रे बुजवतात. पण लिचेटमधील कॅल्शियम आणि इतर क्षार तिला भेटले की सोडियमची जागा कॅल्शियम घेते, फुगवटा उतरतो आणि पारगम्यता वाढते. कमी प्रमाणात हेच वर्ध्याच्या मातीलाही लागू आहे. म्हणून पारगम्यतेची चाचणी केवळ नळाच्या पाण्याने न करता प्रत्यक्ष लिचेटने, किंवा तशा क्षारतेच्या द्रावणाने, करण्याची अट घाला.

धानपट्टा, गोंदिया

तुसाच्या राखेबद्दल थोडे. राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते हे पुस्तकात वाचायला मिळते, परंतु मिलच्या बॉयलरची राख आणि नियंत्रित तापमानाला जाळलेली राख यांत फार फरक आहे. तापमान ७०० अंशांच्या खाली राखल्यास सिलिका अस्फटिक राहते आणि चुन्याशी क्रिया करते. त्याहून फार वर गेल्यास ती स्फटिक होऊन जवळजवळ निष्क्रिय बनते. आमच्याकडील राख कधी काळी, कधी करडी, कधी जवळपास पांढरी निघते, आणि काळेपणा म्हणजे न जळलेला कार्बन. एकाच मिलच्या दोन महिन्यांच्या राखेत एवढा फरक असेल, तर एका नमुन्याच्या चाचणीवर शेकडो टनांचे काम करणे मला धोक्याचे वाटते.

राखेमुळे काळ्या मातीचा फुगवटा आणि आकुंचन घटते, त्यामुळे भेगा कमी पडतात, हा खरा लाभ आहे. रस्त्याच्या पायासाठी तो पुरेसा आहे. अस्तरासाठी मात्र फुगवटा हाच पाणी अडवणारा गुण असल्यामुळे तो किती घालवायचा याला मर्यादा आहे. सोबत चुना घातल्यास मातीचे कण एकत्र गोळा होतात आणि सुरुवातीला पारगम्यता उलट वाढते, हेही लक्षात घ्यावे.

कोराडी-चंद्रपूरकडील औष्णिक केंद्रांची राख फुकट मिळते म्हणून कोणी सुचवील. ती नैसर्गिक टाकाऊ पदार्थ नाहीच, आणि तिच्यात स्वतःचेच जड धातू असतात. निक्षालन चाचणीविना (पाण्यात धातू किती सुटतात हे पाहिल्याविना) तिला हात लावू नये.

वर्धाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आराखड्यात पडद्याचा उल्लेख एका तक्त्यात "आवश्यकतेनुसार" एवढाच आहे, हे आता लक्षात आले.

एक शंका राहते. समजा, पाच टक्के बायोचार मिसळल्याने मातीची धातू पकडण्याची ताकद तिप्पट झाली आणि पारगम्यता थोडी वाढली, तर एकूण हिशेब फायद्याचाच ठरणार नाही का? पाणी थोडे जास्त गेले तरी धातू तर मागेच राहील.

निवृत्त_स्थापत्य, यवतमाळ

या शंकेचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण पद्धत तुम्ही स्वतः वापरू शकता.

पडदा नाही, किंवा फाटला आहे, असे धरू. मातीची पारगम्यता नेमकी नियमाएवढी, म्हणजे वर्षाला सुमारे ३.१५ सें.मी., थराची जाडी ९० सें.मी. आणि त्यावर ३० सें.मी. लिचेट उभे. जलीय उतार १२० भागिले ९०, म्हणजे १.३३. वर्षाला सुमारे ४.२ सें.मी. पाणी उतरेल, एक एकरावर ते साधारण १ लाख ७० हजार लिटर होते. मातीची सच्छिद्रता ०.४ धरल्यास पाण्याचा प्रत्यक्ष वेग वर्षाला १०.५ सें.मी. होतो आणि थर ओलांडायला त्याला साडेआठ वर्षे लागतात.

धातू पाण्यापेक्षा मागे किती राहतो हे विलंब गुणकाने मोजतात. घनतेला सच्छिद्रतेने भागून वितरण गुणांकाने (मातीला चिकटलेला धातू आणि पाण्यात राहिलेला धातू यांच्या गुणोत्तराने) गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. घनता १.५, सच्छिद्रता ०.४ आणि धातूचा वितरण गुणांक दर ग्रॅमला १० मिलिलिटर धरला, तर गुणक ३८.५ येतो, म्हणजे धातूला थर ओलांडायला सुमारे ३३० वर्षे लागतील.

आता बायोचारने वितरण गुणांक तिप्पट, म्हणजे ३० झाला. गुणक ११३.५ होतो. पारगम्यता तेवढीच राहिली तर काळ जवळजवळ तिप्पट, उत्तमच. पारगम्यता दुप्पट झाली तरी सुमारे ४९० वर्षे, म्हणजे लाभ आहे. परंतु पारगम्यता दहापट झाली, तर पाणी १० महिन्यांत थर ओलांडते आणि धातू सुमारे ९७ वर्षांत. म्हणजे तिप्पट पकडणारे अस्तर साध्या मातीपेक्षा वाईट ठरते. सीमा कुठे आहे ते यावरून दिसते: पकड जितक्या पटीने वाढली, त्याहून अधिक पटीने पारगम्यता वाढता कामा नये. आणि पारगम्यता दहापट होण्यासाठी कोळशाचे भरड तुकडे किंवा एक कच्चा थर पुरेसा आहे.

हे धातूपुरते झाले. क्लोराइड, नायट्रेट आणि क्रोमेट यांना अधिशोषणाचा (मातीच्या कणांना चिकटण्याचा) फारसा अडसर नसतो, त्यांच्यासाठी पारगम्यता हाच जवळजवळ एकमेव पहारा आहे. म्हणून एक कोट्यंशाची अट मिश्रणाने मोडली, तर धातूंचा आलेख कितीही देखणा असला तरी ते मिश्रण नाकारावे. आयनविनिमयाच्या जागा भरत गेल्या की वितरण गुणांक उतरतो, तेव्हा ३३० वर्षे हा आकडा विरळ द्रावणासाठीच खरा, हेही सांगून ठेवतो.

मृदागंध, अकोला

वरील हिशेबाला साहित्याच्या हिशेबाची जोड देतो. एक एकरावर ९० सें.मी. थर म्हणजे साधारण ५,४०० टन माती. पाच टक्के बायोचार म्हणजे २७० टन, आणि पऱ्हाटीपासून चौथा हिस्सा ते एक तृतीयांशाहून थोडा कमी कोळसा मिळतो असे धरले, तरी सुमारे हजार टन पऱ्हाटी लागेल. हेक्टरी दोन-तीन टन धरल्यास ती चारशे-पाचशे हेक्टर कपाशीची झाली. अशक्य नाही, पण "स्थानिक टाकाऊ पदार्थ" या तीन शब्दांत एवढे काम दडलेले आहे, हे ग्रामसभेला कळू द्या.

माझी सूचना अशी की, खालचे ७५ सें.मी. निव्वळ काळ्या मातीचे, उत्तम दाबलेले ठेवावे आणि बारीक दळून चाळलेला बायोचार केवळ वरच्या १५ सें.मी.च्या थरात, चाचणीत ठरेल त्या प्रमाणात मिसळावा. मग ४५ टन बायोचार पुरतो. लिचेटशी पहिली गाठ याच थराची पडते. मिश्रणात काही कमी-जास्त झाले तरी खालचा थर शाबूत राहतो. आणखी बरे म्हणजे गोळा केलेले लिचेट ज्या टाकीत येते, तेथे बायोचारची किंवा प्रक्रिया केलेल्या संत्र्याच्या सालीची गाळणी बसवावी. अस्तरातील अधिशोषक एकदा भरला की उकरून बदलता येत नाही, टाकीतील बदलता येतो. वापरलेला माल मात्र घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागेल. तो शेतात खत म्हणून जाता कामा नये.

तुम्हाला ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वतः करून पाहता येईल अशी एक चाचणी आहे. आय.एस. २७२० भाग ४० मधील मुक्त फुगवटा चाचणीत, ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली, भट्टीत वाळवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळकांड्यांत घेऊन एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात केरोसीन भरतात व २४ तासांनी मातीची पातळी वाचतात. तुम्ही तिसरे नळकांडे घ्या आणि त्यात सध्याच्या डम्पिंगच्या जागेवरून आणलेले, गाळलेले लिचेट भरा. पाण्यातील फुगवटा मोठा आणि लिचेटमधील फुगवटा केरोसीनच्या जवळ आला, तर ती माती लिचेटखाली आपला गुण सोडणार, हे कोणत्याही अहवालाविना समोर दिसेल. हा पुरावा अंतिम नव्हे, परंतु लिचेटने पारगम्यता चाचणी करण्याची मागणी त्यामुळे टाळता येणार नाही. ती चाचणी आणि शिसे-कॅडमियमची स्तंभ चाचणी (नळीत भरलेल्या मातीतून द्रावण सोडून पाहणे) अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावी लागेल.

विहिरीचे मूळ पाणी आताच तपासून ठेवा, कचऱ्याची पहिली गाडी येण्यापूर्वी. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात, उताराच्या वरच्या एका विहिरीसह. आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मि.ग्रॅ. आणि कॅडमियम ०.००३ मि.ग्रॅ. यांपेक्षा अधिक नसावे. एवढ्या सूक्ष्म मात्रा मोजायच्या असल्याने नमुना रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत नेऊ नका. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणावा लागतो, अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. म्हणून आम्ल घातलेली बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी.